व्हिंटेज फझ की बुटीक फझ? (आणि मधे नागपूरचा मे महिना)

गच्चीवरचा_गिटारवाला | २१ मे, रात्री ११:४८

मंडळी, धागा गिटारवाल्यांसाठी आहे. बाकीच्यांनी कट्ट्यावर बसून मजा बघावी.

माझ्याकडे चार वर्षांपासून एक बुटीक फझ पेडल आहे, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी, पायाशी ठेवायची पेटी. अमेरिकेतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये हाताने बनवलेला. आत एसी-१२८ जातीचे दोन जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर, आणि सर्किट म्हणजे १९६६ च्या फझ फेस या पेडलची नक्कल. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

गेल्या महिन्यात आतेभाऊ लंडनहून आला. त्याच्या घरमालकाच्या माळ्यावर पडलेला आर्बिटर कंपनीचा खराखुरा जुना फझ फेस तो सोबत घेऊन आला. तोच गोल थाळीसारखा, माईक स्टँडच्या लोखंडी बुडावरून आकार सुचलेला. घरमालक विकायला तयार आहे. किंमत इथे लिहिली तर बायको वाचेल, म्हणून एवढंच सांगतो की त्या पैशात आमच्या गच्चीवरच्या खोलीला एसी बसून वर स्लॅबचं वॉटरप्रूफिंगही होईल. जूनअखेर एक तर पैसे द्यायचे, नाही तर पेडल परत.

म्हणून तीन आठवडे दोन्ही शेजारी ठेवून वाजवतोय. तीच गिटार, तोच अँप, तीच केबल. पहाटे सहाला, स्लॅब जरा निवलेला असताना, जुना पेडल असा गातो की काय सांगू. आवाज जाड, कडा मऊ, आणि गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणला की जवळजवळ स्वच्छ. नवा त्याच्यापेक्षा थोडा उजळ, जोरकस आणि शिस्तीचा. पहाटेचा निकाल विचाराल तर जुना पुढे, पण बोटभर.

दुपारी चारला मात्र दोघांचाही पार चोथा. स्वर लांबतच नाही, फट् फट् करत तुटतो. डिसेंबरात याच नव्या पेडलवर स्वर धरून चहाचा घोट घेता यायचा. काल खोलीत ४३ होतं, कूलर चालू असताना.

तर प्रश्न दोन. एक, एवढे पैसे टाकून व्हिंटेज घ्यावा का? दोन, माझा बुटीक खराब झालाय का?

तर्रीवाला | २२ मे, सकाळी ७:१०

काहून बे भाऊ, मे महिन्यात गच्चीवर फझ वाजवून राहिला तू? इथं माणसाचा आवाज फाटून राहिला, पेडलचं काय घेऊन बसला! ओला दुपट्टा बांध त्याले अन् खिशात कांदा ठेव.

सुरपेटी | २२ मे, सकाळी ९:३२

मी गाणं शिकते, गिटारमधलं काही कळत नाही. फझ म्हणजे नेमकं काय? आवाज फाटणं दोष आहे ना? मग त्यासाठी पैसे का देतात?

गच्चीवरचा_गिटारवाला | २२ मे, सकाळी १०:०५

ताई, तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तार नुसती टेकली तर टणक आवाज येतो. जवारी लागली की त्याच तारेतून वरचे स्वर झणझणत बाहेर पडतात. फझ तेच काम विजेने आणि फार आडदांडपणे करतो. लाटेचे वरचे-खालचे शेंडे छाटतो, त्यातून नवे वरचे स्वर तयार होतात.

आणि सुरुवात दोषातूनच झाली हे तुमचं बरोबर. १९६१ साली आलेल्या एका गाण्याच्या वेळी अमेरिकेत नॅशव्हिलला ध्वनिमुद्रणात मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि बेस गिटारचा आवाज फाटून उमटला. लोकांना तो आवडला. पुढच्याच वर्षी मेस्ट्रोचा फझ-टोन हा पेडल बाजारात आला. सुरुवातीला फारसं कोणी विचारलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यात तो वाजला आणि मग दुकानांत मिळेना. लंडनमध्ये टोन बेंडर १९६५ चा, फझ फेस त्याच्या पुढच्या वर्षीचा.

मुठेकाठचा | २२ मे, दुपारी १:१५

व्हिंटेजला पर्याय नाही. विषय संपला. बुटीकवाले जुन्याची नक्कल करतात, जुने कोणाची करत होते? ते कार्बनचे रेझिस्टर, ते कपॅसिटर पन्नास-साठ वर्षं मुरलेत. लोणचं मुरतं तसं. नवीन डब्यात ते येणार कुठून? पैसे असतील तर डोळे मिटून घ्या.

तर्रीवाला | २२ मे, दुपारी १:४०

पुण्यात दुपारी एक ते चार प्रतिसाद चालू असतात हे आजच समजलं.

मुठेकाठचा | २२ मे, दुपारी १:५२

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

एडिसनकर | २२ मे, रात्री ९:२०

मी मूळ नागपूरच्या महाल भागातला, आता न्यू जर्सीत. माझ्याकडे दोन जुने फझ फेस आहेत, एक जर्मेनियम, एक बीसी-१८३ वाला सिलिकॉन. 'मुरणं' हा शब्द गोड आहे, पण मुरलेलं लोणचं चांगलंच लागेल याची खात्री नसते. कार्बन रेझिस्टर वयानुसार सरकतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. माझ्या जर्मेनियमवाल्याचा इनपुट कपॅसिटर सुकला होता, खालच्या पट्टीतला सगळा ऐवज गायब. तीन वर्षं मी त्याला 'व्हिंटेज टोन' म्हणत होतो.

आणि बुटीकवाल्याला शिव्या घालण्याआधी एक लक्षात घ्या. एकाच डब्यातल्या दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या गेनमध्ये, म्हणजे ते सिग्नल किती पट वाढवतात त्यात, दुपटी-तिपटीचा फरक निघू शकतो. चांगला बनवणारा शंभर नग मोजतो, पहिल्या जागेसाठी ७०-८० चा आणि दुसऱ्यासाठी ११०-१३० चा निवडतो, बाकीचे बाजूला. बुटीकचे पैसे आपण त्या मोजण्याचे देतो, पेटीच्या रंगाचे नाही. जुन्यात तुम्हाला कोणता नग मिळाला हे नशीब.

लोहगावचा_कोडर | २२ मे, रात्री १०:४४

एका धातूच्या थाळीसाठी एवढी चर्चा? एक मॉडेलर (पेडल आणि अँपची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) घ्या, त्यात वीस फझ असतात, तापतही नाहीत. डोळे बांधून ऐकवलं तर कोणाला ओळखू येणार नाही.

गच्चीवरचा_गिटारवाला | २२ मे, रात्री ११:१०

रेकॉर्डिंगमध्ये नाहीच ओळखू येणार, मान्य. पण वाजवणाऱ्याच्या बोटाला कळतं. फझ फेसचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा रोध) इतका कमी असतो की तो थेट गिटारच्या पिकअपला जोखड घालतो. गिटार आणि पेडल मिळून एकच सर्किट होतं, म्हणून व्हॉल्यूम फिरवला की आवाज मधासारखा पातळ होत जातो. मॉडेलरच्या तोंडाशीच बफर असतो, म्हणजे गिटारला पुढच्या सर्किटपासून वेगळं ठेवणारा भाग. माझ्या जुन्या मॉडेलरमध्ये व्हॉल्यूम फिरवला की फक्त आवाज लहान व्हायचा.

याच कारणाने फझ फेस साखळीत पहिला लावायचा. त्याच्या आधी बफरवाला ट्यूनर लावून "कर्कश वाजतो" म्हणणारे मी पाहिलेत. एकदा त्यात मी स्वतः होतो.

जुना_रेडिओवाला | २३ मे, सकाळी ६:२५

नमस्कार. वय ७१, वस्ती सक्करदरा. मला गिटार येत नाही. 'एसी-१२८' वाचलं म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड नातवाने शोधून दिला.

तुमचा पेडल खराब झालेला नाही. त्याला ऊन लागलंय. तर्रीवाल्यांनी थट्टेत बरोबर निदान केलं.

एसी-१२८ ची जोडी आम्ही ट्रान्झिस्टर रेडिओच्या आउटपुटला शेकड्याने बदलली आहे. जर्मेनियमला गळती असते, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या बेस या पायाला काही न देताही कलेक्टर या पायातून थोडा प्रवाह वाहतच असतो. दर १० अंशाला ती साधारण दुप्पट होते. २५ अंशाला १०० मायक्रोॲम्पिअर असेल तर ४५ ला ४००. मी काल या फझ फेसचं सर्किट पाहिलं. एकूण ११ भाग: २ ट्रान्झिस्टर, ४ रेझिस्टर, ३ कपॅसिटर, २ पॉट (नॉबने फिरवायचे रेझिस्टर). पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ के (३३ हजार ओहम) चा रेझिस्टर, म्हणजे ९ व्होल्टवर त्यातून जास्तीत जास्त पाव मिलिॲम्पिअरच्या आसपास जाणार. आता गळतीच ४०० झाली तर घरात पाहुणेच मालक. पहिला ट्रान्झिस्टर पुरता आडवा होतो, त्यामुळे दुसऱ्याचा बेस उपाशी राहतो, आणि मोठा झटका बसेल तेवढ्यापुरताच तो जागा होतो. तेच तुमचं फट् फट्.

रेडिओवाल्यांना हे दुखणं माहीत होतं. म्हणून आउटपुटच्या बायसमध्ये (ट्रान्झिस्टरला जागं ठेवणाऱ्या स्थिर पुरवठ्यात) थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा भाग, घालत. तापलं की बायस आपोआप खाली. तुमच्या फझवाल्यांनी तसलं काही घातलेलं नाही. लंडनमध्ये बसून त्यांना नागपूरचा नवतपा, मेअखेरचे ते नऊ जळते दिवस, कशाला आठवेल!

आता करायचं ते असं. मल्टीमीटर घ्या, दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर लावा. साधारण साडेचार व्होल्ट हवेत, बॅटरीच्या निम्मे. पीएनपी ट्रान्झिस्टर आहे, धन टोक जमिनीला, म्हणून आकडा उणे दिसेल. पहाटे मोजा, दुपारी मोजा, इथे लिहा.

सुरपेटी | २३ मे, सकाळी ८:५०

काका, 'घरात पाहुणेच मालक' एवढ्यावर मला जर्मेनियम समजलं. वाचनखूण साठवली आहे.

बेसवाली | २३ मे, दुपारी १२:३०

अवांतर: फझ म्हणजे फक्त फझ फेस नव्हे. मी बेस वाजवते आणि मला इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा बिग मफ लागतो, त्यातही नव्वदच्या दशकातल्या हिरव्या रशियन सोव्हटेकची नवी आवृत्ती. बिग मफ १९६९ पासूनच बहुतेक आवृत्त्यांत चार सिलिकॉन ट्रान्झिस्टरांवर चालतो. माझा मे महिन्यात खुल्या लॉनवरच्या लग्नात वाजलाय, त्याच्या कपाळावर आठी नाही. दोष एकच, मधल्या पट्टीत खड्डा असतो. घरी एकटीने वाजवलं की राजेशाही, आणि बँडमध्ये दोन गिटार सुरू झाल्या की आपण कुठे गेलो ते आपल्यालाच सापडत नाही.

मेडिकलचा_पोट्टा | २४ मे, रात्री १:०५

सिलिकॉनची तारीफ चालली आहे तर माझंही ऐका. हॉस्टेलवर स्वतः जोडलेला बीसी-१०८ चा फझ आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री फझ पूर्ण, व्हॉल्यूम पूर्ण, गिटार खाटेवर. आणि अँपमधून बाई स्पष्ट मराठीत बातम्या देतेय! रूममेट उठून म्हणतो, रेडिओ बंद कर बे. मी म्हटलं रेडिओ नाही आहे रे. त्याला वाटलं अभ्यासाने माझं डोकं गेलं.

जुना_रेडिओवाला | २४ मे, सकाळी ६:१०

ती मध्यम लहरीवरची आकाशवाणी. गिटारची केबल झाली एरियल आणि तुमचा पहिला ट्रान्झिस्टर झाला डिटेक्टर. बीसी-१०८ चा गेन कित्येक शेकड्यांत असतो, त्याला कुजबुजही ऐकू येते. बेस आणि कलेक्टरच्या मधे १०० पिकोफॅरडचा छोटा सिरॅमिक लावा, चांगल्या शील्डची केबल घ्या, आणि पेटी धातूचीच ठेवा. बातम्या बंद होतील. मी लावला नसता.

इतवारीकर | २४ मे, रात्री ८:४०

एक धोक्याची सूचना, पोळलेल्याकडून. पीएनपी जर्मेनियम फझ बाकीच्या पेडलसोबत एकाच ॲडॅप्टरच्या साखळीत लावू नका. बाकी सगळ्यांचं ऋण टोक जमिनीला, याचं धन टोक. ग्राउंड केबलमधून जुळलं की सरळ शॉर्ट. ऐन गॅदरिंगच्या आधी माझा पूर्ण पेडलबोर्ड मुका झाला होता. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं, पेटीवरही काही लिहिलं नव्हतं. आता त्याला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी. तीही साधी कार्बन-झिंक, हाय-वॉटसारखी स्वस्तातली. अल्कलाइनपेक्षा तिचा अंतर्गत रोध जास्त, थोडी उतरली की आवाज आणखी मऊ होतो. फझ जेमतेम मिलिॲम्पिअर खातो, त्यामुळे महिनोन्महिने पुरते. फक्त वाजवून झालं की इनपुटची पिन काढून ठेवा, नाहीतर पेडल चालूच राहतो.

गच्चीवरचा_गिटारवाला | २६ मे, रात्री १०:३०

काका, आकडे आणलेत. नवतप्याचा दुसरा दिवस, त्यामुळे ऊन पुरेपूर.

बुटीक: पहाटे साडेपाचला, खोली ३१ अंश, उणे ५.१. दुपारी चारला, ४४ अंश, उणे ६.८.
जुना आर्बिटर: पहाटे उणे ४.७. दुपारी उणे ७.४.

म्हणजे ज्याला मी बोटभर पुढे म्हणत होतो तोच उन्हात जास्त कोलमडतो. जुन्याचं मागचं झाकण उघडताना हात थरथरत होते. आतला सोल्डर मूळचाच वाटतो. ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं तर मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत सरकतो, हे पाहून मुलगा अर्धा तास तेच करत बसला.

जुना_रेडिओवाला | २७ मे, सकाळी ६:०५

अपेक्षेप्रमाणे. दुसऱ्याचा प्रवाह आटला, म्हणून व्होल्टेज बॅटरीकडे पळालं. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जो ८.२ के आहे तो काढा, तिथे २५ के चा ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) लावा, आणि दुपारी चारला साडेचार व्होल्ट येईपर्यंत फिरवा. माझ्या हिशेबाने बुटीकमध्ये १७-१८ के च्या आसपास थांबेल. ट्रिमर सीताबर्डीवर कुठेही मिळेल, चहाच्या किमतीत.

मुठेकाठचा | २७ मे, सकाळी ११:२०

थांबा!! जुन्याला हात लावू नका. एकदा नवा सोल्डर लागला की ती वस्तू अस्सल राहत नाही, निम्मी किंमत तिथेच जाते.

जुना_रेडिओवाला | २७ मे, सकाळी ११:४५

पुणेकरांशी सहमत. दुसऱ्याची वस्तू आहे, त्यातून साठ वर्षांची. मी फक्त बुटीकबद्दल बोललो.

तर्रीवाला | २७ मे, दुपारी १२:०२

म्हंजे ज्याच्यावर लाखाची किंमत तो दुरुस्त करता येत नाही, अन् जो करता येतो त्याले तू खराब म्हणून राहिला होता. घे ना मग काय घ्याचं ते!

एडिसनकर | २७ मे, रात्री ८:५०

तर्रीवाले मुद्द्यावर आले. बऱ्याच बुटीक पेडलवर हा बायसचा नॉब आधीपासून असतो. ॲनालॉग मॅनच्या सन फेसवर 'सनडायल' नावाने पर्याय म्हणून मिळतो. नाव काय समर्पक! माझ्या तळघरात जानेवारीत उलटं होतं. थंडीत जर्मेनियम आखडतं, आवाज बारीक होतो.

फक्त एक तपासा. काही बुटीकवाले सर्किटवर काळं एपॉक्सी ओततात, कोणी नक्कल करू नये म्हणून. तसं असेल तर ट्रिमर विसरा.

गच्चीवरचा_गिटारवाला | ३१ मे, रात्री ११:५५

एपॉक्सी नव्हतं. काकांकडे सक्करदऱ्याला जाऊन आलो. घरात शिरताच आधी उसाचा रस, मग सोल्डरिंग गन. ट्रिमर १७.५ के वर थांबला, काका. तुमचा हिशेब!

रात्री अकराला खोलीत ३९ होतं. बुटीक चालू केला, एक स्वर धरला आणि चहाचा घोट घेतला. स्वर होता.

मग जुना लावला. फट् फट्. त्याच्याकडे बघून वाईट वाटलं खरं. पहाटेच्या त्या बोटभर फरकासाठी मी आयुष्यभर पहाटे साडेपाचला उठणार नाही. त्याला लंडनची हवा मानवते. आतेभावाबरोबर परत जातोय. बायकोला एवढंच सांगितलंय की मी पैसे वाचवले.

येताना काकांनी बिस्किटाचा एक डबा उघडून दाखवला. भंगारातल्या रेडिओंमधून काढलेले एसी-१२८, कागदात गुंडाळून, प्रत्येकावर पेन्सिलीने गळती लिहिलेली. ६०, ९०, १४०. हे काम त्यांनी फझ हा शब्द ऐकण्याच्या चाळीस वर्षं आधी करून ठेवलंय. दोन मला दिले. ११ भागांचा तिसरा पेडल पावसाळ्यात.

मुठेकाठचा | १ जून, सकाळी १०:४०

निर्णय पटला नाही, पण डब्याचा फोटो टाका. काका, पुण्याला कुरिअर करता का?

जुना_रेडिओवाला | १ जून, दुपारी ४:१५

कुरिअर नाही. या, जेवून जा, निवडून न्या. उन्हाळ्यात नको.

गच्चीवरचा_गिटारवाला | २४ जून, रात्री ९:२०

परवा पाऊस आला. खोली २८ वर. बुटीकवर आता व्होल्टेज उणे २.४, आवाज कोंदट, गळ्यात कफ असल्यासारखा. झाकण उघडून ट्रिमर १० के वर आणला, पुन्हा साडेचार. कूलरची खस काढली त्याच दिवशी हेही केलं.

जुना_रेडिओवाला | २५ जून, सकाळी ६:०८

दर ऋतूला चार स्क्रू काढणार का? ट्रिमर काढा, त्या जागी पॉट लावून नॉब बाहेर घ्या. पेटीला ७ मिलिमीटरचं भोक. ड्रिल माझ्याकडे आहे.

तर्रीवाला | २५ जून, सकाळी ७:३०

अन् नॉबच्या भोवती ० ते १० नको लिहू बे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा लिही. नवतप्यासाठी एक लाल टिकली.